मधल्या गावचा वाचक

इनारीच्या उत्तरेला माझी बस जाते,
पंधरा दिवसांतून एकदा, पुस्तकं घेऊन.
थांब्यावर इंजिन बंद करत नाही. उणे तिसात
एकदा गार पडलं की ते मागचं सगळं विसरतं,
माझ्या सासऱ्यांसारखं.

शाळेच्या वळणावर हिल्लेवी चढते.
चाळीस वर्षं नर्स होती; अजूनही
पुस्तक परत देते ते दोन बोटांत धरून,
नाडी बघितल्यासारखं.
"बरं आहे. पण बाईनं घराची किल्ली विहिरीत टाकायला
दोनशे बारा पानं घेतली.
मी चाळिसाव्यालाच टाकली असती.
पुढे जो नेईल त्याला सांग."

पुढे नेतो तो ओउला.
मधे नव्वद किलोमीटर पाइन,
आणि रस्त्यात ठाण मांडून
हॉर्नचा अर्थ लावत बसणारी रेनडिअरं,
त्यातली निम्मी ओउलाचीच.
बूट आपटून तो बर्फ झाडतो, ऐकून घेतो.
उत्तर पंधरा दिवसांनी.

"सांग तिला, विहिरीचं पाणी बाकीचेही पितात.
लोखंड टाकून जायचं, आणि वर म्हणायचं, सुटले!
आणि दुसरं, ग्रंथालयाच्या पुस्तकात
पेन्सिलीनं रेघा मारू नयेत.
मारायच्याच तर
बरोबर ओळीखाली."

दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नाही.

"ठोकळा आहे तो," हिल्लेवी म्हणाली.
"असंच्या असं सांग.
आणि हे त्याला दे, मीठ विकणाऱ्या दोन भावांचं.
पहिली साठ पानं मार्च महिन्यासारखी आहेत म्हणावं,
दम धर."

आता नव्वद किलोमीटर एकट्यानं
'ठोकळा' हा शब्द शेजारच्या सीटवर घेऊन जायचा
म्हणजे सोपं नाही.
पुलाजवळ मी तो हळूच उतरवला.
"ती म्हणते," मी ओउलाला सांगितलं,
"तुमचं मत विचार करण्याजोगं आहे."

ओउलानं टोपी मागे सारली.
"ती असं बोलणार नाही.
'विचार करण्याजोगं' हा तिचा शब्दच नव्हे.
काय म्हणाली ते सांग."

सांगितलं.
इतका हसला की मागचं बालसाहित्याचं कपाट हललं.
भावांचं पुस्तक नेलं,
तिनं सुचवलेली आणखी दोन काढायला लावली,
आणि जाताना म्हणाला,
"तू वाचलंयस का ते, विहिरीवालं?"

सतरा वर्षं मी पुस्तकं वाहतो.
वजन माहीत आहे सगळ्यांचं.

तर त्या रात्री गॅरेजमध्ये, थर्मासच्या झाकणात कॉफी,
मी ते काढलं. चार रात्री लागल्या.
दोनशे बाराव्या पानावर हिल्लेवीची रेघ,
किल्लीच्या खाली, ठसठशीत.
आणि तिच्या बरोबर वरची ओळ,
जिच्याबद्दल दोघंही कधी काही बोलले नव्हते:
स्वयंपाकघरातून वारा येत होता.

म्हणजे दार उघडंच होतं!
ती गेली तेव्हा दार उघडं होतं,
मग किल्ली विहिरीत टाका की खिशात ठेवा.

मला हे कुणालातरी सांगायचं होतं.
पण निरोप्याला
मत कुठून असणार?

"मधल्या गावातला एक जण म्हणतो," मी ओउलाला म्हणालो,
आणि दार, वारा, सगळं सांगून टाकलं.
तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला.
"त्याला विचार, मग ती परत यायची होती का?"

हिल्लेवीलाही सांगितलं. तेच, त्याच आवाजात.
तिनं पुस्तक मागितलं, पान काढलं,
ओळीवरून बोट फिरवलं,
मग समासातल्या तपकिरी गोल डागाशी थांबली.

"मधल्या गावातला," ती म्हणाली.
मधे एकही गाव नाही,
हे तिला माझ्याइतकंच माहीत आहे.

"हुशार आहे. मी चुकले म्हणून सांग त्याला.
आणि वाचताना
कॉफी जरा लांब ठेवत जा म्हणावं."